मानसाचो वास नव्हतो तेव्हा

बोरखोलचा लवू घाडी एरवी अगदी कमी बोलणारा माणूस. दुकानात गेला तर बोटाने दाखवून वस्तू घेईल, पण दोन वाक्यं बोलणार नाही. तरी गावाला काही मागायचं झालं की ते त्याच्याच तोंडून मागितलं जायचं. कुणी घर बांधलं, कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा बोटीवर नोकरीला निघाला, की लोक नारळ आणि विडा घेऊन त्याच्याकडे येत. मग लवू देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालायचा. पिढ्यान्पिढ्या हे काम घाड्यांकडेच. आवाज जाड, जरासा घोगरा. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर मागे उभे असलेले आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणायचो, आणि म्हणताना खरंच वाटायचं की पलीकडे कोणीतरी ऐकतंय.

ओरोसच्या जिल्हा कचेरीतली नोकरी संपवून मी गावी आलो तेव्हापासून त्याचा शेजारी आहे. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा छातीएवढा गडगा आहे. पुढे जे सांगतो त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. राहिलेलं लवूने, नाहीतर त्याच्या बायकोने, जानकीने, त्या गडग्यावर हात टेकून मला सांगितलं.

तरुणपणी लवू रेडीला खनिजाच्या ट्रकवर कामाला होता. बाप आजारी पडल्यावर घरी परत आला, तो कायमचा. जाण्यापूर्वी बापाने त्याला सगळी गाऱ्हाणी तोंडी शिकवली. लिहून घ्यायची सोय नव्हती आणि शब्द इकडचा तिकडे करायची परवानगीही नव्हती. बाप सांगायचा, "एक शब्द चुकलो तरी देवाक कळाचा नाय, आपणाक हाक कोण मारता तां."

त्यातलं मोठं गाऱ्हाणं मूळपुरुषाचं. गावाच्या वरच्या अंगाला झाडाखाली एक काळा पाषाण आहे, तो आमचा मूळपुरुष. बोरखोल ज्याने वसवलं तो पहिला माणूस. तो एकटाच खाडीतून होडीने आला, तेव्हा इथे नुसतं रान आणि वाघ होते, असं सगळे मानतात. वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, सगळा गाव तिथे जमतो. लवू डोळे मिटून म्हणायचा, "हय मानसाचो वास नव्हतो तेव्हा जेणा पयलो पाय ठेवल्यान, वाघाक बाजूक केल्यान, पाण्याक वाट दिल्यान, त्या मूळपुरुसा म्हाराजा..." या ओळीला त्याचा आवाज असा चढायचा की अंगावर काटा यायचा.

लवूच्या आयुष्यात जी गडबड झाली ती या ओळीवरून.

आमच्या गावामागे सडा आहे, कातळाचा उघडा माळ. त्याच्या उतारावर वाघाची घळ म्हणून एक उथळ गुहा आहे. दुपारची गुरं सावलीला तिथे बसतात. दोन वर्षांपूर्वी शिमगा आटोपल्यावर पुण्याच्या एका संस्थेतल्या चारुता मॅडम काही विद्यार्थी घेऊन तिथे खणायला आल्या. चाळिशीच्या बाई, उन्हाने रापलेल्या, डोक्याला सदा पंचा बांधलेला. सरपंच सुशांतने त्यांना गावची रीत सांगितली, की मूळपुरुषाला विचारल्याशिवाय इथे जमिनीला कुणी हात लावत नाही. त्या लगेच कबूल झाल्या.

लवूने गाऱ्हाणं घातलं. मॅडम आमच्यात हात जोडून उभ्या होत्या. "व्हय म्हाराजा" त्यांनीही म्हटलं, जरा उशिरा. संपल्यावर त्या लवूजवळ आल्या.

"काका, ते मघाचं वाक्य परत सांगाल का? माणसाचा वास नव्हता, ते?"

"तां असां खयय उबो रवान म्हणतत नाय," लवू म्हणाला.

"माफ करा. मला कल्पना नव्हती."

पण बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं, आणि लवूने ते पाहिलं. "तेव्हाच माका कायतरी लागलां," असं तो मला पुढे म्हणाला.

सुशांतने लवूला खणण्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. लवू रोज सकाळी जाऊन घळीच्या तोंडाशी एका दगडावर बसू लागला. पहिले काही दिवस त्याला यात काही दम वाटला नाही. रेडीला त्याने डोंगरच्या डोंगर उपसलेले पाहिले होते, आणि इथे ही शिकलेली पोरं कुंचल्याने माती झाडत होती. मग गारगोटीच्या धारदार चकत्या निघू लागल्या. कोळसा निघाला. त्याखाली शिंपल्यांचा थर लागला, खाल्लेल्या शिंपल्यांचा, ढिगाने.

"ह्या कोणी खाल्ल्यानी?" लवूने विचारलं.

"इथे राहणाऱ्या माणसांनी. सात-आठ हजार वर्षं तरी झाली असावीत. नक्की तपासल्यावर कळेल."

"ह्यां तुमका कसां कळता?"

मॅडम त्याच्या शेजारी खाली बसल्या. म्हणाल्या, "झाड जिवंत असतं तोवर हवेतून एक प्रकारचा कार्बन घेत राहतं. तोडलं की घेणं थांबतं आणि होता तो हळूहळू कमी व्हायला लागतो. त्याचा वेग ठरलेला आहे. या कोळशात किती उरलाय ते पाहिलं की झाड कधी तुटलं ते समजतं."

लवूने विचार केला. "म्हणजे माठातला पाणी पाझरता तसां."

"तसंच."

हे त्याला पटलं, आणि तिथेच खरी अडचण सुरू झाली. पटलं नसतं तर सोपं होतं. आमच्या घाड्यांच्या पिढ्या मोजल्या तर पंधरा-सोळा भरतात. म्हणजे मूळपुरुषाला फार तर चार-पाचशे वर्षं झाली. मग त्याच्याही कितीतरी आधी इथे बसून शिंपल्या खाणारे हे कोण? आणि हे इथे होते, चूल पेटवत होते, तर माणसाचा वास नव्हता कसा?

त्या संध्याकाळी तो गडग्याशी आला. "तुका काय वाटता?" मी म्हटलं, मूळपुरुष आला तोवर ते लोक निघून गेले असतील, पुन्हा रान माजलं असेल. त्याचा चेहरा जरा उजळला. मग म्हणाला, "मगे पयलो पाय?"

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना पुढचं विचारलं. "ह्येंच्या आदी कोण होतो?"

"आणखी जुनी माणसं. फार फार पूर्वी आफ्रिकेतून पिढ्यान्पिढ्या सरकत इकडे आलेली. तुम्ही, मी, सगळे त्यांचेच."

"आणि त्येंच्या आदी?"

खरं सांगावं की विषय बदलावा असं बाईंच्या मनात आलं असणार. "त्याआधी माणूस आजच्यासारखा नव्हता, काका. तो हळूहळू असा झाला. त्याला लाखो वर्षं लागली. वानरं आणि आपण एकाच फार जुन्या घराण्यातले. वानरं आपले पूर्वज नव्हेत, चुलत भावंडं म्हणा."

"चुलत भाव?" लवू म्हणाला. "तरीच माझी केळी सोडणत नाय."

विद्यार्थी हसले. लवू गमतीने बोलला नव्हता. त्याचा सख्खा चुलत भाऊ अजय आणि तो यांच्यात कुंपणावरून बरीच वर्षं धुसफूस होती, तेव्हा भाऊबंदकी काय असते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. घरी येऊन त्याने मला विचारलं, "तू शिकलेलो. तुमका शाळेत ह्यां होतां?"

"होतं की. परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळाले."

"आणि देवळात जायत होतंस?"

"जात होतो."

"दोन्ही एका टायमाक? मगे तुका काय वाटला नाय?"

"नाही वाटलं."

"कसां नाय वाटला?" तो खरोखरच समजून घ्यायला विचारत होता. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मग शिंपल्यांच्या थराखाली हाडं निघाली. पायांची दोन, गुडघ्यात पोटाशी दुमडलेली, आणि एक खालचा जबडा, दात असलेला. आपल्या मातीत हाडं टिकत नाहीत, पण शिंपल्यांच्या चुन्याने ही टिकली असावीत, असं मॅडम म्हणाल्या. दात झिजून सपाट झालेले. खाण्यात वाळू जायची त्यामुळे. एका दाढेखाली हाडाला भोक होतं, तिथे पू झाला असणार. लवूने ते पाहिलं आणि त्याची जीभ आपोआप स्वतःच्या दुखऱ्या दाढेकडे गेली. त्याने हात जोडले. नंतर मला म्हणाला, "हात जोडलंय खरे, पण कोणाक जोडलंय तां माका कळाक नाय."

बातमी दुपारपर्यंत चारही वाड्यांत पसरली. ग्रामदेव रवळनाथाच्या देवळात बैठक बसली. सुशांत उभा राहिला. त्याचा पर्यटकांना खोल्या देण्याचा धंदा आहे आणि बोलणं चटपटीत आहे.

"ह्यो आपलो मूळपुरुसच! दुसरो कोण आसतलो? लवूकाका दरवर्सा सांगतत, तेच्या आदी हय मानूस नव्हतो. मगे सगळ्यात जुनो मानूस तो मूळपुरुस. मॅडम म्हणतत आठ हजार वर्सां. आणखी बरां! घळीत देऊळ बांधूया. तारकर्लेक इलेले टुरिस्ट संध्याकाळचे हय येतले."

अजय घाडी मागून बोलला, "मूळपुरुसाक जाळल्यानी. आपण जाळतो. ह्येका गुडघे पोटाक लावन पुरलेलो आसा. ह्यो आमचो कसो?"

"मगे ह्यो कोण?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या माना खांबाशी बसलेल्या मॅडमकडे वळल्या. मॅडमनी शांतपणे सांगितलं की हाडं तपासायला न्यावी लागतील, तसा कायदा आहे, आणि तपासणी होईपर्यंत ती कुणाची हे सांगणं त्यांनाही शक्य नाही. मग म्हाताऱ्या मानकऱ्यांनी ठरवलं की कौल लावायचा. आमच्याकडे देवाला प्रश्न विचारतात तो असा: रवळनाथाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

लवूने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "घळीतलो तो आमचो मूळपुरुस काय? आसल्यास उजवो दी." आम्ही बघत राहिलो. पाकळ्या हलल्या नाहीत. उकाडा मी म्हणत होता. लवूच्या पाठीवर सदरा भिजून चिकटला. त्याने पुन्हा विचारलं, विनवलं. बायका उठून स्वयंपाकाला गेल्या. शेवटी दोन्ही पाकळ्या पाषाणावरच सुकल्या, आणि आता त्या पडणार नाहीत हे सगळ्यांना कळलं.

"नाय म्हणाक नाय, म्हणजे व्हय," सुशांत म्हणाला.

"व्हय म्हणाक नाय, म्हणजे नाय," अजय म्हणाला.

लवू देवाकडे बघत नुसता उभा होता. इतक्या वर्षांत देव त्याच्याशी असा कधी वागला नव्हता.

ओरोसहून कागद आल्यावर हाडं न्यायची हे नक्की झालं. त्याचबरोबर मॅडमनी गावातल्या जुन्या घराण्यांकडे थुंकीचे नमुने मागितले. थुंकीतून वंशाचे धागे कळतात, घळीतल्या हाडांतूनही निघाले तर जुळवून बघता येतील, ज्याची इच्छा असेल त्यानेच द्यावी. बहुतेकांनी नाही म्हटलं. थुंकी बाहेरच्याच्या हाती द्यायची नसते, असं आपल्याकडे पूर्वीपासून आहे.

"तुमी थुंकी देव नकात," जानकी म्हणाली. "जुळला नाय तर काय करतलास? घाडीपण सोडतलास?"

"आणि जुळला तर?"

"तर आणखी घोळ. मगे तर तो मूळपुरुसाचो आजो झालो."

लवू दोन दिवस घरापुढच्या खळ्यात येरझाऱ्या घालत राहिला आणि तिसऱ्या दिवशी जाऊन थुंकी देऊन आला. का दिली, हे त्याला अजूनही सांगता येत नाही.

हाडं नेण्याच्या सकाळी गाव घळीपाशी जमला. पेटी बंद होण्याआधी लवूने गाऱ्हाणं घालायचं होतं. मीही होतो. त्याने नारळ ठेवला, डोळे मिटले, रवळनाथाचं नाव घेतलं, चारही वाड्यांच्या देवांची नावं घेतली. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत गेलो. मग तो त्या ओळीवर आला. "हय मानसाचो..." आणि थांबला. डोळे उघडून त्याने पेटीकडे पाहिलं. आत कापसावर तो जबडा होता. समोर माणूस असताना त्याच्या तोंडावर म्हणायचं कसं, की तेव्हा इथे माणूस नव्हता? आम्ही वाट बघत राहिलो. एक वानर झाडावरून धप्पकन उतरलं तेवढाच आवाज. मग लवूने ती ओळ सोडून दिली आणि एकदम पुढचं बोलला, "तर म्हाराजा, चुकला माकला पदरात घी." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण ते विस्कळीत आलं. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

पाऊस संपता संपता गावात वाघ फिरू लागला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. परबांचं वासरू नेलं, मग दोन कुत्रे नेले. लोकांनी गणित मांडलं. वाघाला बाजूला करणाऱ्याची ओळ लवूने गाळली, वाघ परत आला. लवूला तोंडावर कुणी बोललं नाही. पण गाऱ्हाण्यासाठी त्याच्याकडे येणारी माणसं कमी झाली आणि अजयच्या घरासमोर चपला दिसू लागल्या.

"तुलाही तसंच वाटतं का?" मी त्याला विचारलं.

"वाघाक गाऱ्हाणा कळता काय?" तो म्हणाला. मग म्हणाला, "पण इलो खरो."

मार्गशीर्ष जवळ आला तेव्हा तो स्वतः मानकऱ्यांकडे गेला आणि म्हणाला की मूळपुरुषाचं गाऱ्हाणं या वर्षी अजयने घालावं. आपल्याला ती ओळ येत नाही असं नाही, तोंडातून निघत नाही. मानकऱ्यांनी मान डोलावली. पण अजयला ते येत कुठे होतं? लिहिलेलं नाही, आणि गावात लवूशिवाय कुणाला पाठ नाही. मग कुंपणावरून ज्याच्याशी धड बोलणं नव्हतं तो अजय रोज संध्याकाळी लवूच्या पडवीत येऊन बसू लागला. मला गडग्याच्या अलीकडे ऐकू यायचं.

"पयलो पाय ठेवल्यान," लवू सांगायचा. "ठेवल्यान थय आवाज चढव."

एके दिवशी अजयने विचारलं, "लवू, तुका जर ह्यां खोटां वाटता, तर माका कशाक शिकयतंस?"

"खोटां वाटता असां मी खय म्हटलंय?"

"मगे खरां वाटता?"

"तसांव नाय."

"मगे काय वाटता काय तुका?"

"तूं म्हण. वाघाक बाजूक केल्यान. म्हण."

वनखात्याने लावलेल्या पिंजऱ्यात वाघ सापडला, तो अजयने गाऱ्हाणं घालण्याच्या चार दिवस आधी. त्यामुळे कशाने काय झालं याचा निकाल काही लागला नाही.

त्या दिवशी लवू आयुष्यात पहिल्यांदाच मागे, आमच्यात उभा होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं. अजयने छान म्हटलं. ओळ आली, आवाज चढला, आणि सगळ्यांबरोबर लवूच्याही तोंडून "व्हय म्हाराजा!" बाहेर पडलं. मोठ्याने. त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं.

"मी म्हटलंय?"

"म्हटलंस."

"कशाक म्हटलंय?"

घरी परतताना पायवाटेवर तो आणि जानकी पुढे, मी मागे होतो. जानकी मघापासून काहीतरी मनात घोळवत होती. ती म्हणाली, "ओ, तो एकटो इलो म्हणतास ना? मगे पोरां कोणाक झाली?"

"बायल घेवन इलो आसतलो."

"तां गाऱ्हाण्यात खय आसा?"

"नाय."

"मगे हयलीच कोणतरी आसतली. आणि ती हय होती तर मानसाचो वास नव्हतो कसो? बायलमानसाक वास नसता काय?"

लवू वाटेतच थांबला. इतकी वर्षं ती ओळ तो म्हणत आला होता, त्याच्या बापाने म्हटली होती, आणि हे कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. तो जानकीकडे असा बघत राहिला, जणू ती दुसऱ्याच गावाहून आलेली कोणी आहे. म्हटलं तर ती आलेलीच होती, लग्न होऊन.

पुढल्या शिमग्यानंतर चारुता मॅडम पुन्हा आल्या. सामान उतरवण्याआधी लवूच्या खळ्यात आल्या. जानकीने कोकमाचं सरबत दिलं. लवूने मला गडग्यावरून हाक मारली. त्याला सोबत हवी होती.

मॅडमनी सगळं सांगितलं. कोळसा साडेसात हजार वर्षांच्या आसपासचा. हाडांतून वंशाचा धागा मात्र निघाला नाही. आपल्याकडची उष्णता, दमटपणा, त्यात तो टिकत नाही. प्रयोगशाळेने दोनदा प्रयत्न केला. लवूच्या थुंकीतून कळलं ते एवढंच, की त्याच्या वडिलांकडचा धागा एका दिशेला जातो आणि आईकडचा दुसऱ्या. आईकडचा खूप जुना, या देशात फार आधी आलेल्या लोकांपर्यंत पोचणारा.

लवू सावरून बसला. "म्हणजे घळीतल्याशी..."

"नाही काका, तसं म्हणता येणार नाही. तो धागा देशात खूप ठिकाणी सापडतो. आणि तुमची आई मूळची कुठली?"

"इन्सुलीची."

"मग तो बोरखोलचा म्हणताच येत नाही. घळीतल्या माणसाशी तुमचं नातं आहे असं मी सांगू शकत नाही. नाही असंही सांगू शकत नाही."

"म्हणजे कौलासारख्यांच झालां," लवू म्हणाला.

मॅडमना कौलाचं आठवलं आणि त्या कसनुसं हसल्या. मग म्हणाल्या, "आणखी एक गोष्ट. नुसत्या जबड्यावरून खात्री देता येत नाही, पण आमच्यातल्या दोघांना वाटतंय की तो बाईचा असावा."

घरात जायला निघालेली जानकी दारातच थांबली. "बायलेचो?"

"असावा. अजून नक्की नाही."

"वय किती?"

"पस्तीस-चाळीस. फार झिजलेले दात आहेत, म्हणून नीट सांगता येत नाही."

"माझ्यापेक्षा ल्हान," जानकी म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. "पोरां किती होती तां कळता?"

"नाही हो. ते नाही कळत."

मॅडम घळीकडे गेल्यावर जानकी बराच वेळ तिथेच बसून होती. मग पेले उचलून आत गेली. लवू मात्र पुढचे कितीतरी दिवस अस्वस्थ होता. वर्षभर सारा गाव तिच्यावरून भांडत होता, मूळपुरुष आहे की नाही म्हणून, आणि ती पुरुषच नव्हती. किंवा असेलही. मॅडमना खात्री नव्हती.

संध्याकाळी पडवीत तो स्वतःशीच पुटपुटायचा. बाईसाठी गाऱ्हाण्याचे शब्द जुळवून बघायचा. "हय जी आदी होती ती..." मग थांबायचा. आईला हाक मारतात तसं "आवशी म्हाराजा" म्हणायचा, मग मान हलवायचा. बापाने शिकवलेल्या शब्दांत तिला हाक मारायला शब्दच नव्हता, आणि स्वतःचा घालायचा तर तो ऐकणार कोण? काही दिवसांनी त्याने ते सोडून दिलं, किंवा मला ऐकू येईनासं झालं.

सुशांतचं देऊळ अजून झालेलं नाही. जबडा पुण्याला आहे, त्याची प्लास्टरची प्रतिकृती ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे आणि ती दाखवायची की पुजायची यावर दर सभेत वाद होतो. मूळपुरुषाचं गाऱ्हाणं अजय घालतो. छोट्या गाऱ्हाण्यांसाठी मात्र लोक पुन्हा लवूकडे येऊ लागले आहेत. त्याच्या आवाजाने बरं वाटतं, असं सगळ्यांचं म्हणणं.

परवा मी त्याला सरळ विचारलं, "शेवटी तुझं काय ठरलं?"

तो गडग्यावरचा एक सैल चिरा नीट बसवत होता. "मॅडम खोटां बोलणत नाय," तो म्हणाला. "बापूसय खोटां बोलणारो नव्हतो."

"मग?"

"मगे काय. तू सांग."

त्याने चिरा ठोकून पाहिला, हातांची माती झटकली आणि विचारलं, "फाल्यां परबांच्या म्हशीचा गाऱ्हाणा आसा. येतंस?"

उद्या येतो, मी म्हटलं.